मात्रा तीच, दिवस वेगळा

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. चिठ्ठीवर लिहिलेले युनिट रोज ठरल्या वेळी घ्यायचे, त्यात आपल्या मनाने फेरफार करायचा नाही. आणि रोज व्यायाम करायचा. सुट्या घेतल्या तर दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. एकत्र पाळायला गेलं की घोळ होतो. व्यायामाच्या दिवशी शरीराची इन्सुलिनची गरज कमी होते, चिठ्ठीवरचा आकडा तसाच राहतो, आणि मग टेकडी उतरताना, मंडईत किंवा रात्री झोपेत साखर खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा अनुभव एकदा घेतलेला माणूस पुढच्या वेळी काय करतो? इन्सुलिन सोडायची त्याला भीती वाटते. म्हणून तो चालणं सोडतो.

मात्रा कमीजास्त कशी करायची हे न शिकवता व्यायाम सांगणं हा अर्धा उपचार आहे, आणि या आजारात अर्धा उपचार धोक्याचा असतो, असं माझं ठाम मत आहे. जेवण, मेहनत आणि इन्सुलिन यांचा मेळ रोज घालावा लागतो. तो डॉक्टरांना महिन्यातून एकदा घालून देता येत नाही. ते काम रुग्णालाच करायचं आहे. मग ते नीट शिकण्याचा त्याचा हक्क आपण का मान्य करत नाही?

आधी शरीरात काय घडतं ते बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर १०० असते तेव्हा त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. भरभर चालणारे पाय हा चमचा बघता बघता संपवू शकतात. निरोगी माणसात तसं होत नाही, कारण तो चालायला लागताच त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं आणि ग्लुकॅगॉन वाढवतं. यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडू लागतं. स्नायूंनी ओढली तेवढी यकृताने भरली, हिशोब जुळला. त्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही.

टोचलेलं इन्सुलिन मात्र सुटलेल्या बाणासारखं असतं, ते मागे बोलावता येत नाही. पाय चालू लागले म्हणून ते कमी होत नाही. उलट त्वचेखालचा रक्तप्रवाह वाढल्यामुळे ते अधिक वेगाने रक्तात उतरतं. मांडीत टोचून लगेच धावायला गेलं तर ही घाई आणखी वाढते. कढत पाण्याने आंघोळ केली किंवा टोचल्या जागी मालिश केली तरी हेच होतं, त्यामुळे दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या अगोदर इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. दुसरीकडे, आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत घेतो. पेशींच्या आत असणारे ग्लुट-४ नावाचे वाहक हालचालीमुळे पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज ओढू लागतात. म्हणजे साखर दोन्हीकडून खेचली जाते, आणि भरपाई करणाऱ्या यकृताला तेच जादाचं इन्सुलिन रोखून धरतं. साखर कोसळते ती या तिहेरी कारणाने. त्यात रुग्णाचा हलगर्जीपणा शोधू नये.

हे सगळं अलीकडे कळलं असंही नाही. टोरांटोमध्ये ११ जानेवारी १९२२ या दिवशी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२६ मध्ये, लंडनच्या डॉ. रॉबिन लॉरेन्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम वाढतो, तेव्हा व्यायाम करणाऱ्याला मात्रा कमी लागते. लॉरेन्स यांना स्वतःला डायबेटीस होता. इन्सुलिन येण्याआधी या आजाराचं निदान म्हणजे थोड्या काळाची मुदत असे. ते इटलीत आपले शेवटचे दिवस काढायला गेले होते. १९२३ मध्ये औषध मिळाल्याची खबर तिथे पोहोचली आणि ते लंडनला परतले. पुढे त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मिळून एकच पुस्तक लिहिलं, आणि १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह डायबेटीस असलेल्यांची संघटना उभी केली. वेल्स यांनाही हाच आजार होता. रुग्णाला आपला आजार डॉक्टरइतका कळला पाहिजे ही त्या दोघांची धारणा होती. आपल्या ओपीडीत आजही ती रुजलेली नाही. डॉक्टरांना हे ठाऊक नाही असं नव्हे. दोन-तीन मिनिटांत एक पेशंट तपासायचा तर कुठल्याही डॉक्टरला हे शिकवता येणार नाही.

आता आपल्याकडच्या नेहमीच्या औषधाकडे वळू. महाराष्ट्रात इन्सुलिन घेणाऱ्या फार मोठ्या वर्गाच्या फ्रिजमध्ये ‘तीस-सत्तर’ची बाटली असते. तीस टक्के लवकर काम करणारं आणि सत्तर टक्के सावकाश काम करणारं, आधीच मिसळलेलं. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अर्धा तास एक-एक सुई. ते स्वस्त आहे, सोपं आहे, लाखो लोकांचं आयुष्य त्याने सावरलं आहे, आणि त्याला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण ते माणसाला घड्याळाशी बांधून टाकतं. त्यातला सावकाश भाग टोचल्यानंतर चार तासांपासून दहा-बारा तासांपर्यंत केव्हाही जोर धरतो. सकाळी आठला सुई घेतली तर एकच्या सुमारास पोटात जेवण गेलंच पाहिजे. लग्नाची पंगत अडीचला बसली, तर त्या दीड तासात इन्सुलिन थांबून राहत नाही. संकष्टीला चंद्रोदय नऊनंतर असेल आणि सुई नेहमीप्रमाणे साडेसातला घेतली असेल, तर ताटापर्यंत पोहोचेपर्यंत साखर उतरलेली असते. शिवाय दोन्ही भाग एकत्र मिसळलेले असल्यामुळे एकट्या नाश्त्यापुरती मात्रा कमी करता येत नाही. सकाळचे चार युनिट कमी केले की दुपारचंही कमी होतं.

गेल्या काही वर्षांत दिवसातून दोनच वेळा जेवा आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चाला हा सल्ला महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. ज्यांना औषध नाही किंवा ज्यांच्या गोळ्यांनी साखर फारशी खाली जात नाही अशा अनेकांची वजनं त्याने उतरली. मात्र तीस-सत्तर घेणारा माणूस तो सल्ला व्हॉट्सॲपवर वाचून मात्रा तीच ठेवून अमलात आणू लागला, तर एक जेवण गेलं, चालणं वाढलं आणि सुई जुनीच राहिली. असा बदल करायला हरकत नाही. तो पहिल्या दिवसापासून डॉक्टरांशी बोलून आणि मात्रा उतरवूनच करायला हवा, एवढी ओळ त्या संदेशाला कोणी जोडत नाही.

ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस घ्या. बहुतेक वर्षी ती ज्येष्ठ वद्य एकादशी असते. वाटचालीतला हा सर्वांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाटाचा चढ. म्हणजे सगळ्यात जास्त चाल आणि उपास एकाच दिवशी. इन्सुलिन घेणारा साठीतला वारकरी पहाटे उठतो, औषध चुकवायचं नाही म्हणून नेहमीची पूर्ण मात्रा टोचतो, वाटेत साबुदाण्याची खिचडी, केळं, चहा घेतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, त्यामुळे साखर आधी चढते. त्या वेळी कुणी बोट टोचून पाहिलं तर मीटर मोठा आकडा दाखवेल आणि त्याला आणखी इन्सुलिनची गरज आहे असं वाटेल. वडकी नाल्याला पालखी विसावते, मग घाट सुरू होतो. नेमका त्याच सुमारास सकाळच्या सुईतला सावकाश भाग भरात आलेला असतो आणि पाय चढावर राबत असतात. खिचडीची साखर संपते. तो वाटेच्या कडेला बसतो, पटका ओला झालेला, बोलण्यात तुटकपणा. दिंडीतले म्हणतात, म्हातारा दमला, जरा पडू दे.

त्याला पडू देणं हाच सगळ्यात मोठा धोका असतो. दमणूक आणि साखर उतरणं यांची लक्षणं बाहेरून सारखी दिसतात. तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली तर पंधरा मिनिटांत तो माणूस ओळखीचं बोलू लागेल. आणि घाट पार झाला म्हणजे धोका टळला असंही नाही. दिवसभर रिकामे झालेले स्नायू आणि यकृत रात्रभर आपला साठा भरून काढत राहतात, इन्सुलिनला अंग अधिक चटकन प्रतिसाद देतं, आणि ही अवस्था चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकू शकते. म्हणून सासवडच्या तळावर, राहुटीत, सगळे झोपलेले असताना पहाटे दोन-तीनला साखर पुन्हा उतरू शकते. रात्रीची सुईही त्याने पूर्ण घेतलेली असते.

या माणसाने वारीला जाऊ नये, असं कुणी म्हणेल. मला ते अजिबात मान्य नाही. त्याने जावं. सकाळची आणि त्या रात्रीची मात्रा किती उतरवायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, खिशात ग्लुकोजची पूड ठेवावी, घाटाच्या पायथ्याशी एकदा बोट टोचून बघावं, आणि दिंडीतल्या दोघांना तरी आपल्या आजाराची कल्पना द्यावी. एवढं केलं तर तो पंढरपूरपर्यंत चालत जाईल. फरक पडतो तो शिकण्याने.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या चर्चेत आपण आणखी एक गोष्ट विसरतो. तिथे व्यायाम म्हणजे बूट घालून बागेत चालणं. भातलावणीच्या दिवसांत चिखलात सहा तास वाकलेली कोकणातली बाई, ऊसतोडीच्या फडात मोळ्या वाहणारा माणूस, बांधकामावर पाट्या उचलणारी मजूर यांना डॉक्टर विचारतात, व्यायाम करता का? उत्तर येतं, नाही. केसपेपरवर तसंच लिहिलं जातं, आणि घरबसल्या माणसाच्या हिशोबाने मात्रा ठरते. लावणीचे पंधरा दिवस आणि नंतर घरात बसून काढलेले पावसाचे दिवस यांत तिच्या शरीराची इन्सुलिनची गरज खूप बदलते. तिला कुणी सांगितलेलं नसतं, पण तिच्या अंगाला कळतं. मग ती आपली आपण लावणीच्या दिवसांत सुई टाळते. पुढच्या भेटीत तिला ‘औषध नीट घेत नाही’ म्हणून बोलणी खावी लागतात. तिने जे केलं त्यात शहाणपण होतं, त्याला दिशा नव्हती. सुई सबंध टाळण्याऐवजी किती उतरवायची हे तिला सांगायला हवं होतं.

मेहनतीचे प्रकारही सारखे नसतात, हे तर फार कमी लोकांना सांगितलं जातं. चालणं, सायकल, पोहणं यांनी साखर उतरते. दमसास लावून वेगाने धावलं, जोर-बैठका काढल्या, जड वजन उचललं की ॲड्रेनॅलिन उसळतं, यकृत भराभर साखर सोडतं आणि आकडा काही वेळ वरच जातो. कबड्डीच्या सामन्यानंतर मुलाची साखर २५० दिसली म्हणून घाबरून जादा सुई दिली, तर दोन-तीन तासांनी ती धाडकन खाली येते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की मध्यम गतीच्या व्यायामाच्या शेवटी फक्त दहा सेकंद जीव तोडून धावलं तर नंतरची घसरण काही वेळ थोपवता येते. व्यायामशाळेत वजनं आधी आणि सायकल नंतर असा क्रम ठेवला तरी घसरण कमी होते, हेही अभ्यासांत दिसलं आहे. वेळेचंही तसंच. सकाळी नाश्त्याआधी आणि जेवणाची सुई घेण्याआधी चाललं तर साखर कमी उतरते, कारण त्या वेळी अंगात जेवणाचं इन्सुलिन नसतं. आदल्या रात्री तीस-सत्तर घेतलेलं असेल तर मात्र त्याचा शेवटचा भाग पहाटेपर्यंत चालू असतो, तेव्हा मीटर बघूनच निघावं. आणि जेवणानंतरची आपली शतपावली, दहा-पंधरा मिनिटांची, ती जेवणानंतर चढणारी साखर खरोखरच आवरते. पूर्ण मात्रा घेऊन जेवल्यावर तासभर झपझप चालणं हा वेगळा प्रकार आहे, तिथे आधीच मात्रा उतरवायला हवी.

किती उतरवायची याचे आकडे डॉक्टरांच्या जगात उपलब्ध आहेत. टाइप १ डायबेटीस आणि व्यायाम यांवर देशोदेशीच्या तज्ज्ञांचं एक एकमताचं निवेदन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा सारांश असा की व्यायामाला निघताना साखर साधारण १२६ ते १८० च्या दरम्यान असावी. ९० च्या खाली असेल तर आधी दहा ते वीस ग्रॅम ग्लुकोज घ्यावं. जेवणानंतर थोड्याच वेळात व्यायाम असेल तर त्या जेवणाची मात्रा पंचवीस ते पंचाहत्तर टक्के कमी करावी, व्यायाम किती जोराचा आणि किती वेळ यावर ते ठरतं. साखर कारण नसताना २७० च्या वर असेल तर कीटोन तपासावेत, आणि रक्तातले कीटोन दीडच्या वर असतील तर त्या दिवशी व्यायाम करू नये, कारण तेव्हा अंगात इन्सुलिनच कमी पडलेलं असतं. हे आकडे म्हणजे सुरुवात. प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून ते आपल्या डॉक्टरांसोबत बसून आपल्यापुरते बेतून घ्यायचे. आणि टाइप १ असलेल्याने कितीही मेहनत असली तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, हे इथेच सांगून टाकतो.

यावर नेहमी येणारा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. डॉक्टर म्हणतात, आमच्या पेशंटला हे झेपणार नाही. तो मनाने मात्रा बदलेल, चुकेल, आणि चूक जिवावर बेतेल. त्यांनी अशा चुका पाहिलेल्या असतात. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट ताकदीचं असतं, पेनमधलं १०० चं. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची शंभरासाठी. दुकानदाराने चुकीची सिरिंज दिली आणि शंभरच्या औषधात लाल टोपणाची सिरिंज बुडवली, की वीसच्या खुणेपर्यंत ओढलेलं औषध प्रत्यक्षात पन्नास युनिट असतं. जिथे टोपणाचा रंगही समजावून दिलेला नाही, तिथे ‘मात्रा स्वतः ठरव’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे, हे मला मान्य आहे.

पण या आक्षेपातून निष्कर्ष निघतो तो शिकवण्याचा. आणि शिकवून काय होतं हे तपासून झालेलं आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला मिखाएल बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच दिवसांचं प्रशिक्षण उभं केलं. रुग्णांनी ताटातली कर्बोदकं मोजायची, साखर बघायची, त्यानुसार स्वतः मात्रा ठरवायची. त्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये डॅफनी नावाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांत प्रशिक्षित गटाचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सरासरी ९.४ वरून ८.४ वर आलं, साखर उतरण्याचे गंभीर प्रसंग वाढले नाहीत, आणि लोकांना मनासारखं जेवता येऊ लागलं. पाच दिवस! आपल्याकडे गाडी चालवायला शिकायला याहून जास्त दिवस जातात.

मोजदाद आपल्या लोकांना जमणार नाही हेही मला पटत नाही. बचत गटाच्या वहीत दहा बायकांचं व्याज तोंडी जुळवणाऱ्या बाईला मध्यम फुलक्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात अठ्ठावीसच्या आसपास, हे लक्षात ठेवणं अवघड नाही. कुणाला दहा ग्रॅमला एक युनिट लागतं, कुणाला पंधराला, आपला आकडा एकदा काढून दिला की पुढचं गणित चौथीतलं आहे. तिला ते कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

साखर उतरण्याच्या भीतीची किंमत फार मोठी असते. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरच्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं. त्याच गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. पहिला आकडा सांगतो की साखर आटोक्यात ठेवल्याने डोळे वाचतात. दुसरा सांगतो की नुसता आटापिटा करून चालणार नाही, कसब लागतं. ते कसब नसलं की लोक एक वाईट तडजोड करतात, साखर मुद्दाम २०० च्या वर ठेवतात, म्हणजे ‘लो’ होणार नाही. त्यांचे पाय आणि डोळे त्याची भरपाई दहा-पंधरा वर्षांनी करतात. आणि वारंवार साखर उतरत राहिली तर शरीर धोक्याची सूचना देणंच कमी करतं. घाम येत नाही, थरथर होत नाही, माणूस थेट बेशुद्ध होतो. आदल्या दिवशी साखर उतरली असेल तर दुसऱ्या दिवशी व्यायामात ती उतरायची शक्यता वाढलेली असते, तेव्हा तो दिवस सांभाळून घ्यावा.

घरच्यांनाही शिकवायला हवं. आपल्याकडे साखर उतरली की पेढा, बेसनाचा लाडू किंवा चॉकलेट तोंडात कोंबलं जातं. तूप आणि स्निग्धांश साखर पोटातून पुढे सरकायला वेळ लावतात. तेव्हा हवी असते नुसती साखर, ग्लुकोज, गोड सरबत, पंधरा ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मीटर बघायचं, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. घाबरून अर्धा डबा लाडू संपवला की साखर तीनशेवर जाते आणि मग उरलेला दिवस ती उतरवण्यात जातो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, त्याला कुशीवर वळवून थेट रुग्णालयात न्यायचं.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. मात्रा बदलायची तर बोट टोचून बघावंच लागतं, आणि प्रत्येक पट्टीचे पैसे पडतात. व्यायामाच्या दिवशी निघताना, मध्ये, परतल्यावर आणि झोपताना अशा चार पट्ट्या लागतात. रोजंदारीवरच्या घरात हा खर्च पहिल्यांदा कापला जातो. दंडावर लावायचा सेन्सर चौदा दिवस सतत साखर आणि तिच्या चढउताराचा बाण दाखवतो. वेगाने साखर बदलत असताना तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, तरीही तो फार उपयोगी आहे, आणि बहुसंख्य घरांना परवडणारा नाही. इन्सुलिन द्यायचं आणि ते सुरक्षितपणे घेण्यासाठी लागणारी पट्टी मात्र ज्याने त्याने विकत घ्यायची, ही व्यवस्था आपण मुकाट्याने चालवून घेतो. सरकारी रुग्णालयातून इन्सुलिनची बाटली घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पट्ट्यांचा डबाही जायला हवा. ही मागणी रुग्णांच्या संघटनांनी आणि डॉक्टरांनी मिळून लावून धरली पाहिजे.

सगळ्यात जास्त पोळतात ती टाइप १ असलेली मुलं. शाळेत पीटीच्या तासाला त्यांना बाकावर बसवून ठेवलं जातं, शिक्षक घाबरतात म्हणून. मुलाला कळतं की आपण इतरांसारखे नाही, आणि तो सुई लपवायला शिकतो. क्रिकेटपटू वसीम अक्रमला १९९७ मध्ये डायबेटीस असल्याचं निदान झालं, त्यानंतर तो इन्सुलिन घेऊन आणखी सहा वर्षं वेगवान गोलंदाजी करत राहिला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियर याला १९९९ मध्ये टाइप १ झाला, २००० साली सिडनीत आणि २००४ साली अथेन्समध्ये त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेतलं. या दोघांच्या मेहनतीपुढे पीटीचा तास काहीच नाही. सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना परीक्षेच्या वर्गात ग्लुकोजच्या गोळ्या आणि खाऊ नेऊ द्यायला सुरुवात केली. मैदानाचा प्रश्न मात्र अजून एकेका मुख्याध्यापकाच्या मर्जीवर आहे. शिक्षकाच्या खिशात ग्लुकोजची पुडी, खेळाआधी मुलाला मीटर बघायची मुभा, आणि कुठल्या आकड्याला थांबायचं हे पालकांनी लिहून दिलेला एक कागद, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर पुढच्या भेटीला जाताना आठवडाभराचं जेवण, मेहनत आणि मीटरचे आकडे एका कागदावर मांडून न्या. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: जास्त चालायच्या दिवशी मात्रा किती कमी करू, उपासाला किती, रात्री किती, आणि कुठल्या आकड्याला व्यायाम टाळू? उत्तर लिहून घ्या. वेळ नाही म्हणाले तर दुसरा दिवस मागा, आणि तो मिळेपर्यंत मागत राहा.